तिसरी प्रत

ऑफिसात तिला सगळे कोठारीण म्हणत. माहिती साठवणाऱ्या यंत्रणा बांधायच्या आणि डोळ्यांत तेल घालून सांभाळायच्या, हे तिचं काम. एकोणीस वर्षं तेच. तिच्याकडे ठेवलेलं यमालाही नेता येत नाही, असं सहकारी गमतीनं म्हणायचे.

ती या कामात पडली त्याला कारण होतं. तिचे बाबा ट्रक चालवायचे आणि वाटेतून फोनवर निरोप ठेवायचे. कॉलेजात असताना नोट्स मावेनात म्हणून तिनं फोन साफ केला. त्यात बाबांचा एक न ऐकलेला निरोपही गेला. चार दिवसांनी ट्रक दरीत कोसळला.

"नंतर ऐकू म्हटलं होतं," एवढंच ती कधीमधी बोलायची.

तिची कंपनी लोकांचे फोनवरचे निरोप साठवून ठेवायची. प्रत्येक निरोपाच्या तीन प्रती, तीन वेगळ्या डिस्कवर. प्रत्येक प्रतीवर त्या निरोपाच्या मजकुरातून काढलेला एक आकडा. मजकुरात तसूभर फरक पडला तरी आकडा बदलणार. प्रती जुळल्या नाहीत, तर सारख्या असलेल्या दोन खऱ्या मानायच्या आणि त्यांतलीच एक तिसरीवर चढवायची, की मिटलं.

एका मंगळवारी सकाळी यंत्रणेनं एक निरोप तिच्यापुढे टाकला. दोन प्रती जुळत होत्या, तिसरी साफ वेगळी होती, आणि तिन्हींवरचा आकडा मात्र एकच. असं होऊच शकत नाही. तिनं तीनदा ताडून पाहिलं. लोकांचे निरोप ऐकायचे नाहीत, हा नियम तिनंच घातलेला. तरी तिनं हेडफोन लावले.

पहिल्या दोन प्रतींत कुणी दुकानदार गिऱ्हाइकाला पडद्याचं माप विचारत होता. तिसरीत इंजिनाची घरघर होती. मग कुणी खाकरलं.

"तायडे, पोचलो गं मी. जेवून घे."

आवाज बाबांचा होता. बाबा गेले तेव्हा ही कंपनी सुरूही झाली नव्हती.

तिनं ती प्रत पेनड्राइव्हवर घेतली, डोकं दुखतंय म्हणून साहेबांना सांगितलं आणि दुपारी घरी आली. आई टेबलाशी बसून भाजी निवडत होती. तिनं काही न सांगता लॅपटॉप उघडून निरोप लावला. आईच्या हातातली शेंग हातातच राहिली.

"त्यांचाच आवाज," आई म्हणाली. मग जरा थांबून, "पण तुला तायडे कोण म्हणायचं?"

"तूच."

"मग? त्यांच्या तोंडी तो शब्द कधी आला? तू लहान असल्यापासून ते तुला राजा म्हणायचे."

हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. तिनं निरोप पुन्हा लावला. तीच घरघर, तेच खाकरणं.

"राजा, पोचलो गं मी. जेवून घे."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं. तिनं आकडा पाहिला. तोच होता, सकाळचा.

"हे आपलं बोलणं ऐकतंय," आई हळूच म्हणाली आणि तिनं लॅपटॉपचं झाकण बोटांनी खाली दाबलं. "पूस बाई ते. आज पूस."

पेनड्राइव्ह तिनं तिथेच पुसला. मग ती ऑफिसात परत गेली. तिसऱ्या प्रतीवर दुकानदाराचा निरोप चढवायला एकच बटण दाबायचं होतं, पण त्यासाठी तिला अर्धा तास लागला. वर ती डिस्कही तिनं काढून यंत्रात चुरडून घेतली आणि नोंदवहीत 'सदोष' एवढंच लिहिलं. साहेबांनी विचारलं, "काय बिघडलं होतं?"

"कळलं नाही," ती म्हणाली. एकोणीस वर्षांत हे उत्तर तिनं पहिल्यांदा दिलं.

नोकरी तिनं सोडली नाही. तसला निरोप पुन्हा कधी आला नाही. आला असता तरी तिनं हेडफोन लावले नसते. आईनं विषय काढला तो एकदाच, पुढच्या वर्षी, जेवताना.

"पुसलंस ते बरंच केलंस," आई म्हणाली. "पण मी म्हणते, अजून एकदा लावलं असतं, तर माझं नाव घेतलं असतं का गं?"

तिनं आईच्या ताटात भात वाढला आणि पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला.