दुहेरी तारेची सीट

सायकलच्या सीटला चुकीची क्लिप बसवून मी माझ्या सासऱ्यांना हायवेवर सोडलं होतं. मुद्दाम नाही, अकलेचा तेवढा तुटवडा होता.

चौऱ्याहत्तर-पंचाहत्तर साल असेल. मी सांगलीची, मॅट्रिक झालेली, उंब्रजजवळच्या गावात नवी सून. आमचे हे फौजेत. सुट्टीवर येताना त्यांनी वडिलांसाठी चामड्याची सीट आणली, पण ती बसवायच्या आतच सुट्टी संपली. सीट दांड्यावर धरून ठेवणारी जुनी क्लिप गंजून तुटलेली. "मी आणते उंब्रजहून," असं मीच सासूबाईंना म्हणाले.

दुकानदारानं विचारलं, "वैनी, सीटच्या तारा एकेरी हायत का दुहेरी?"

सीट घरी. पण सांगलीच्या मुलीनं 'माहीत नाही' कसं म्हणायचं? "एकेरी," मी ठासून सांगितलं.

घरी येऊन सीट उलटी केली, तर दोन्ही बाजूंना तारांच्या जोड्या. क्लिपच्या खाचेत एकच तार बसायची, दुसरी बाहेर. शहाणं माणूस क्लिप बदलून आणतं. मी जुन्या ट्यूबचे तुकडे खाचेत खुपसले, पान्यानं नट आवळले आणि सीट हलेना म्हणून स्वतःवर खूश झाले.

सकाळी मामंजी कराडला बहिणीकडे निघाले. टांग टाकून बसले, तसं सीटचं नाक किंचित वर झालेलं मला स्वयंपाकघरातून दिसलं.

आमच्याकडे सून सासऱ्यांशी थेट बोलत नसे. काही सांगायचं असलं की आतून भांडं वाजवायचं; सासूबाई आत येत आणि निरोप बाहेर जाई. तांब्या माझ्या हातातच होता. पण 'सांगलीची शहाणी' ऐकावं लागेल, म्हणून तो मी आवाज न करता खाली ठेवला. मामंजी गेले.

मग हायवेवर ट्रकचा हॉर्न वाजला की हातातलं टाकून मी खिडकीशी. सीट उलटतेय, मामंजी मागे कोसळतायत, मागून ट्रक येतोय, हेच डोळ्यांपुढे. सासूबाईंच्या कपाळावरच्या कुंकवाकडे बघायचा धीर होईना. भाकरी करपली.

"नवऱ्याची याद आली व्हय गं?" सासूबाई म्हणाल्या.

मी लाजून दाखवलं. खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

दिवेलागणीला सायकल आली. सीट मागं कॅरिअरला बांधलेली आणि मामंजी उभ्यानं पायडल मारत, घामाघूम. उतरले ते लंगडत थेट स्वयंपाकघराच्या दाराशी आले. ट्यूबचे तुकडे त्यांनी उंबऱ्यावर ठेवले आणि पहिल्यांदाच माझ्याशी बोलले.

"पोरी, ह्ये रबर खुपसलंस तवाच तुला कळलं हुतं न्हवं? मग सकाळी एक भांडं वाजवायचं हुतंस. कराडपास्नं हितवर उभ्यानं आलोय मी. आता तरी भांडं वाजीव, आन् तुज्या सासूला म्हनावं तेल गरम कर, गुडगं गेलं माजं."