गळलेली रेघ

छापखान्यात तिला सगळे रेघबाई म्हणत. तोंडावर वहिनी, पाठीमागे रेघबाई. तिचं काम मोठ्यानं वाचायचं. जुनं पुस्तक नव्यानं छापायचं तर आधी मशीन त्याच्या पानांचे फोटो काढून अक्षरं ओळखतं, आणि ओळखताना हमखास कुठेतरी माती खातं. म्हणून एकानं जुनं पुस्तक वाचायचं नि दुसऱ्यानं नव्या कागदावर पेन्सिल धरून ताडून बघायचं. वाचायचं म्हणजे नुसते शब्द नाहीत, खुणासुद्धा. "मग शहाणा कोण, प्रश्न. रेघ. ते मला ठाऊक नाही, पूर्ण." असं दिवसभर. नवख्या माणसाला वाटावं, बाईला कसलं वारं लागलंय.

समोर पेन्सिल धरून बसायचा तो तिचा नवरा. त्याला सगळे मास्तर म्हणत, मालकसुद्धा. ओळ जमली की मास्तर "बरोबर" म्हणत आणि ती पुढे सरके. घरी उभ्या संसारात जितक्या वेळा म्हणाले नसतील, तितक्यांदा इथे एका सकाळी म्हणत.

मालकांनी जुन्या ग्रीक ज्ञानी लोकांच्या पुस्तकांची भाषांतरं पुन्हा काढायला घेतली. भाषांतर करणारे केव्हाच मातीत गेलेले, पुस्तकं वाळवीच्या तोंडची. "हल्लीच्या पोरांना मनाची शांती हवीय, आणि भाषांतराचे पैसे मागायला वारस कुणी उरला नाही," मालक म्हणाले. वर 'आजच्या वाचकांसाठी' असं छापायचं ठरलं. रेघबाईची शाळा चौथीत सुटलेली, वाचायचा सराव झाला तो ह्याच टेबलावर. तत्त्वज्ञान तिला फारसं कळे असं नाही, पण माणसं कळत.

"अहो, हे सगळे नुसते चौकात उभे राहून प्रश्न विचारतात. ह्यांच्या घरची कामं कोण करायचं?"

"बायका."

"तरीच ह्यांना इतकं सुचतं."

मास्तर हसले. पेन्सिल मात्र कागदाच्या बाहेर, टेबलावर टेकलेली. तिनं पाहिलं आणि सोडून दिलं.

मग एक दिवस प्रिंटरची शाई संपली आणि गठ्ठ्यात एक कागद कोराच आला. रेघबाई जुन्या पानावरून वाचत गेली. पान संपलं. मास्तर म्हणाले, "बरोबर. पुढचं घे."

तिनं मान वर केली. पांढराफटक कागद, त्यावर नवऱ्याचा हात, आणि हातात पेन्सिल. मागच्या काही महिन्यांतलं सगळं एका झटक्यात जुळलं. जिन्यावर भिंतीला धरून चढणं, पेपर वाचायचा कंटाळा, शेजारणीला मेहुणी समजून बोलणं. कडेकडेचं दिसत होतं, म्हणून चालत फिरत होते. समोरचं, मधलं गेलं होतं. अक्षर म्हणतात ते नेमकं मधेच असतं.

बोलायची सोय नव्हती. हे काम जोडीचं. मास्तरांचे डोळे गेले हे मालकांना कळलं तर दोघांची खुर्ची एकदमच उचलली जाणार. शिवाय मास्तर स्वतःहून सांगत नव्हते. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, त्याला कसं म्हणायचं की अहो, तुम्हाला दिसत नाही?

तिनं एक वाट काढली. मास्तर दुपारी हात धुवायला गेले, चहाला गेले, की ती झालेली पानं पुढ्यात ओढी आणि मनातल्या मनात ताडून बघे. सापडली चूक की त्यांच्याच पेन्सिलीनं खूण करी, त्यांच्यासारखीच, जरा तिरकी. पुस्तक असं पुढे चाललं. तिचं डोकं संध्याकाळी ठणके. "काय गं, बरं नाही का?" मास्तर विचारत. "ह्या ग्रीकांनी डोकं पिकवलंय," ती म्हणे.

शेवटच्या भागात चौकात प्रश्न विचारणारा एक म्हातारा ज्ञानी तुरुंगात आहे. संध्याकाळी त्याला विष प्यायचंय. भोवती शिष्य बसलेत. त्यातला एक पोरगा भेदरलाय. मेल्यावर काय, नुसता अंधार का, असं पुन्हा पुन्हा विचारतोय, आणि म्हातारा त्याला शांतपणे धीर देतोय. जुन्या भाषांतरात बोलणाऱ्यांची नावं छापलेली नव्हती. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू झालं की फक्त एक आडवी रेघ. वाचणाऱ्यानं आपलं धरायचं, हा म्हातारा, हा पोरगा.

त्यातली एक रेघ मशीननं गाळली.

रेघबाईनं ती खणखणीत वाचली होती. पण मागाहून मनात वाचताना तिची नजर शब्दांवरून पळाली. शब्द तिच्या डोळ्यांना ठाऊक झाले होते. रेघ मात्र इतकी वर्षं तिच्या तोंडात होती, डोळ्यांत कधी बसलीच नव्हती. एक रेघ गळाली आणि तिथून पुढे सगळ्या बोलण्याची अदलाबदल झाली. म्हातारा भ्यायला आणि पोरगा त्याला समजवायला लागला.

पुस्तक छापून गेलं. कुणी हूं की चूं केलं नाही. उलट एका वाचकानं मालकांना कळवलं, हा ज्ञानी आपल्यातलाच वाटला. मग एक निवृत्त शिक्षक पुस्तक घेऊन छापखान्यात आले. त्यांनी ते पान उघडून मालकांसमोर ठेवलं, एक अक्षर वाकडं बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. वाचनालयांतून गठ्ठे परत आले. ते फाडून लगद्याला द्यायचं ठरलं.

मालकांनी दोघांना आत बोलावलं. "मास्तर, ही रेघ तुमच्या डोळ्यांखालून गेलीच कशी?"

"माझी चूक," रेघबाई पटकन म्हणाली. "मी वाचलीच नाही ती."

"वाचलीस," मास्तर म्हणाले. "मी ऐकली. मालक, तिनं वाचली होती. मलाच दिसलं नाही. मला दिसत नाही."

"चष्म्याचा नंबर बदलला असेल हो."

"नंबर नाही, मालक. डोळेच."

मालकांनी तिच्याकडे पाहिलं. "वहिनी, तुम्हाला माहीत होतं?"

मास्तर मधेच बोलले, "तिला काय माहीत असणार! तिचं डोकं सदा पुस्तकात." बोलताना त्यांनी तोंड तिच्याकडे वळवलं. तिच्या थोडं बाजूलाच वळलं.

आता एका शब्दाचाच प्रश्न होता. हो म्हटलं तर दोघं घरी. रेघबाई म्हणाली, "नाही."

मालक माणूस वाईट नव्हते. मास्तरांना दारापर्यंत सोडायला आले. "आराम करा आता. वहिनी, तुम्ही उद्या या. समोर कुणाला तरी बसवू."

घरी आल्यावर तिनं पिशवी टाकली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. मास्तर चाचपत आले.

"नाही म्हणालीस ते बरं केलंस."

"डोंबलाचं बरं. वेळेला परकी झाले तुम्हाला."

"दोघं घरी बसून एकमेकांची तोंडं बघितली असती होय? तीही मला कुठं दिसतात!"

तिला हसू फुटलं नाही. त्यांनाही नाही.

ती कामावर जात राहिली. समोर एक मुलगी बसवली होती, चलाख, पण "बरोबर" म्हणत नसे, नुसती मान हलवी. रेघबाईला दर ओळीला वर बघावं लागे. मास्तर दिवसभर घरी एकटे. काठी घ्यायला तयार नाहीत. काठी घेतली की सगळ्या गल्लीला कळतं, म्हणत. एका दुपारी जिन्यात पाय घसरला आणि कमरेचं हाड मोडलं. तेव्हापासून अंथरूण धरलं ते धरलंच.

ते पडून असतानाच पुस्तक दुरुस्त होऊन पुन्हा छापलं गेलं. मालकांनी एक प्रत पाठवली. मास्तरांनी ती पोटावर ठेवून पानांच्या कडेवरून बोट फिरवलं.

"वाचू का?"

"नको. दिवसभर वाचून घसा बसतो तुझा." बोट थांबवून त्यांनी विचारलं, "आता घाबरतो कोण गं त्यात? पोरगाच ना?"

"पोरगाच. म्हातारा धीर देतो त्याला."

"बरोबर." त्यांनी तिचं मनगट शोधून धरलं. "पण ते आधीचं, चुकलेलं, म्हातारा घाबरतो ते... त्यातलं एखादं राहिलंय का गं कुठे?"

सगळी लगद्याला गेली होती. तिनं ते सांगितलं नाही. "बघते," म्हणाली, आणि मनगट तसंच त्यांच्या हातात राहू दिलं.