टाकीचं गिऱ्हाईक

बदली झाल्यामुळे मला घरातली माशांची मोठी टाकी विकावी लागली. पाणवनस्पतींनी ती हिरवीगार झाली होती. घ्यायला आलेल्या गृहस्थांनी अजिबात घासाघीस केली नाही, आणि तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. हा माणूस झाडं उपटून नुसती काच तर विकणार नाही ना? घासाघीस न करणाऱ्या माणसाची आपल्याला किती भीती वाटते!

टाकी रिकामी करताना ते जुनं पाणी बादल्यांत भरू लागले.

"ते कशाला नेताय?" मी जरा तुटकपणेच विचारलं.

"जागा नवी, माणसंही नवी. निदान पाणी तरी ओळखीचं असू दे माशांना."

मीही एक बादली भरून दिली. तरीही टेम्पो कोपऱ्यावर वळेपर्यंत गॅलरीतून त्याचा नंबर पाठ करत राहिलो.