आत्याचा उतरता आलेख

माझी आत्या मोज्यांच्या कारखान्यात तेलवाली. एकोणीस वर्षं लांब चोचीचा तेलाचा डबा घेऊन ती यंत्रांमधून फिरत आली. कुठल्या यंत्राला तेल हवंय, हे तिला आवाजावरून कळायचं. घरी आतोबांनी हाक मारली की मात्र तिला कमी ऐकू यायचं.

मग नवे साहेब आले. चार दिवसांचं शिबिर करून आले होते आणि शिकलेलं डोक्यात मावत नसल्यामुळे भिंतीवर चिकटवत होते. पहिला आलेख आत्याचा: आडव्या रेघेवर तिच्या दिवसभरातल्या फेऱ्या, उभ्या रेघेवर त्या दिवशी बंद पडलेली यंत्रं. एका दिवसाचा एक ठिपका. महिन्याभराचे ठिपके डावीकडून उजवीकडे घसरगुंडीवरून खाली आलेले.

"हा ऋण सहसंबंध आहे बाई," साहेबांनी सगळ्यांदेखत जाहीर केलं. "ऋण म्हणजे उणे. उणी माणसं आपल्याला नकोत. शनिवार तुमचा शेवटचा."

शेजारीच कॅन्टीनवाल्याचा आलेख. चहाचे कप जितके जास्त, तितकी बंद यंत्रं जास्त. ठिपके झोकात वर चढलेले. धन सहसंबंध! त्याला टाळ्या आणि प्रशस्तिपत्रक. यंत्र बंद पडलं की कामगार चहाला पळतात, हे त्या बेट्याला पक्कं ठाऊक होतं. पण फुकटचं कौतुक मिळत असताना तो कशाला तोंड उघडतोय!

आत्या घरी आली ती जेवलीच नाही. मी गणित शिकवते, म्हणून तिने सगळे आकडे माझ्यापुढे टाकले.

"तूच सांग, माझं काय चुकलं?"

"काही नाही गं. एक वाढलं की दुसरं घटतं, एवढाच ऋणचा अर्थ. तुझ्या फेऱ्या वाढल्या की बिघाड घटतात. त्यात चांगलं-वाईट काही नसतं."

"म्हणजे मी नीट काम केलं की काहीच घडत नाही. आणि काहीच घडत नाही म्हणून मला घरी बसवणार?"

तिचे डोळे भरून आले. त्या माणसाच्या शिबिरावर मी मनातल्या मनात तेल ओतून काडी लावली. आत्याने पदराने नाक पुसलं आणि म्हणाली, "ठिपके कसे काढतात, दाखव मला."

पुढचं मला खुद्द कॅन्टीनवाल्याने सांगितलं. शनिवारी सकाळी भिंतीवर तिसरा कागद लागला होता. ठिपके थेट वर चढलेले. साहेब खूश.

"व्वा! धन! कुणाचा आहे हा?"

"तुमचाच," आत्या म्हणाली. "उभ्या रेघेवर बंद पडलेली यंत्रं. आडव्या रेघेवर तुम्ही दिवसातून किती वेळा खाली येऊन बटणं दाबून बघता, ते. अभिनंदन साहेब."

आधी कुणीतरी फिसकन हसलं, मग अख्खा मजला. साहेब लालबुंद होऊन जिना चढून गेले.

सोमवारी आत्या कामावर होती. साहेब आठवडाभर खाली उतरलेच नाहीत. त्या आठवड्यात एकच यंत्र बंद पडलं.