डावा कान, पुढचा कार्बोरेटर

माझ्या मामांकडे गाडी आहे असं लोक म्हणतात. खरं तर गाडीकडे मामा आहेत. ब्रिटिश बनावटीची, दोनच माणसांची, बिनछपराची, बुटकी स्पोर्ट्स कार; वयाने मामांपेक्षा चार वर्षांनी लहान आणि दुखण्यांनी वीस वर्षांनी मोठी. एका दंतवैद्याच्या शेडमध्ये ती ताडपत्रीखाली अकरा वर्षं पडून होती. मामांनी ती आणली तेव्हा सीटमध्ये उंदरांचा भरला संसार होता. मामीने विचारलं, "ही चालते?" मामा म्हणाले, "चालेल." त्याला सहा वर्षं लागली.

मामा पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात होते. चौतीस वर्षं प्रेस मशीनवर झाकणं कापली. मशीन डाव्या हाताला, झाकणांचा ढीग उजव्या हाताला. निवृत्त झाल्यावर माणसं फिरायला जातात, शेजाऱ्यांच्या भानगडीत लक्ष घालतात. मामा गाडीखाली गेले. पाठोपाठ मामीचा केकचा ट्रेही गेला, कारण इंजिनातून तेल ठिबकतं आणि ट्रे नेमका मापाचा निघाला. तेव्हापासून त्या घरात केक झालेला नाही. गाडीचे नट खोलायला इंची मापाचे पाने लागतात, हल्लीचे एमएमचे चालत नाहीत. "जवळपास बसतोय की," असं मी एकदा म्हटलं होतं. मामा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

या गाडीला कार्बोरेटर दोन, एक पुढे आणि एक मागे. दोघांनी हवा सारखी ओढली पाहिजे, नाहीतर इंजिन मिसिंग मारतं, म्हणजे ठेचकाळत चालतं. हे जुळवायला बाजारात मीटर मिळतो, पण मीटर वापरणं मामांना अपमान वाटतो. त्यांच्याकडे हातभर रबरी नळी आहे. एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचं, दुसरं कानात. आत हवेची फुसफुस ऐकू येते, ती दोन्हीकडे सारखी होईपर्यंत स्क्रू फिरवायचे. बॉनेट उघडून मामा गाडीच्या डाव्या अंगाला उभे राहतात, तेव्हा पुढचा कार्बोरेटर त्यांच्या डाव्या हाताला येतो आणि मागचा उजव्या. म्हणून पुढच्याला डावा कान आणि मागच्याला उजवा, हा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. मला त्यात कधी वावगं दिसलं नाही. मी शाळेत भूगोल शिकवते, दिशांवर माझं पोट आहे, तरी दिसलं नाही.

दर रविवारी सकाळी दोघं तळ्यापर्यंत जायची. जायला बावीस किलोमीटर, तिथे थर्मासमधला चहा, यायला बावीस. मामा उजवीकडे स्टिअरिंगशी, मामी त्यांच्या डावीकडे, डोक्याला रुमाल बांधून. मामा मला कौतुकाने सांगायचे, "गाडीत बसली की तुझी मामी कशी शांत होते! चकार शब्द नाही. तिलाही इंजिन ऐकायला आवडतं." मामी मला सांगायची, "काही गोष्टी तोंडासमोर नाही बोलता येत गं. गाडीत ते पुढे बघत असतात, मग मी मन मोकळं करते." मी दोघांचंही ऐकलं, पण दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहायची अक्कल मला सुचली नाही.

गेल्या वर्षी एका रविवारी मामी गेली नाही. गुडघा दुखत होता म्हणे. पुढच्या रविवारी डोकं दुखत होतं. तिसऱ्या रविवारी तिने काही दुखवून घ्यायचीही तसदी घेतली नाही. घरातही तिचं बोलणं "हो", "नाही" आणि "टेबलावर आहे" एवढ्यावर आलं. मामा हादरले. बेचाळीस वर्षांच्या संसारात बायको रागावली की भांडी वाजतात हे त्यांना पाठ होतं. या वेळी भांडी वाजत नव्हती. त्यांनी विचार करून निदान केलं, की इंजिन हादरे देतं म्हणून ती येत नाही.

मग सात महिने मामा त्या कार्बोरेटरांच्या मानगुटीवर बसले. गाडी सुधारायचं सोडा, बिघडतच गेली. त्यांनी पेट्रोलला दोष दिला, प्लगला दिला, दमट हवेला दिला. नाचता येईना अंगण वाकडं. कोपऱ्यावरचा मिस्त्री एवढंच म्हणाला, "काका, पुढचा फार उघडलाय," तर त्याच्याशी अबोला धरला. सुरुवातीला ते मला सांगायचे, "गाडी नीट झाली की ती येईल." नंतर नंतर म्हणायला लागले, "येईल ना गं?" त्या "ना"चा मला राग यायचा, आणि माणूस एकटाच तळ्यावर जाऊन दोन कप चहा परत आणतो हे बघून कीवही यायची.

एका शनिवारी मी गेले तर मामा बॉनेटमध्ये डोकं घालून उभे. म्हणाले, "जरा तू ऐक. माझी खात्री पटेनाशी झालीय." माझ्या डाव्या कानाला फोन होता, शाळेच्या ऑफिसने मला थांबायला सांगून वीस मिनिटं झाली होती. म्हणून मी नळी उजव्याच कानात धरली, आधी मागच्या कार्बोरेटरवर, मग पुढच्यावर. पुढचा प्रेशर कुकरसारखा ओरडत होता.

"मामा, पुढचा केवढा ओढतोय!"

"काहीतरीच काय. पुढचा मरतुकडा आहे. केव्हाचा उघडतोय मी त्याला."

"कान बदलून ऐका."

"कानाचा काय संबंध?" म्हणाले, पण त्यांनी पुढच्याला उजवा कान लावला. दचकून मागे झाले. मग मागच्याला डावा लावला. बराच वेळ ऐकलं.

"मागचा मेला," ते म्हणाले.

"मागचा नाही मेला, मामा."

त्यांनी इंजिन बंद केलं आणि हत्यारांच्या पेटीवर बसले. आपला कान गेला याचं त्यांना फारसं काही वाटलेलं दिसलं नाही. पार्ट झिजतात हे ते जाणून होते. घरात कळलं नाही याचंही नवल नव्हतं. जेवणाच्या टेबलाशी त्यांची खुर्ची भिंतीला लागून, डाव्या हाताला नुसती भिंत. नळी गुंडाळता गुंडाळता ते मध्येच थांबले.

"गाडीत तुझी मामी कुठल्या बाजूला बसते?"

"डाव्या."

"आणि ती बोलते, असं म्हणालीस का तू कधी मला?"

मी कधीच म्हणाले नव्हते. फोनमधून ऑफिसचा माणूस "हॅलो, हॅलो" करत होता. मी फोन बंद केला आणि मामीने मला काय सांगितलं होतं ते मामांना सांगितलं.

मामा तसेच तेलकट हातांनी स्वयंपाकघरात गेले. मामी मटार सोलत होती. ते तिच्या समोर उभे राहिले, मग विचार करून उजवा कान तिच्याकडे होईल असे स्टुलावर बसले.

"गाडीत तू काय काय बोलायचीस?"

"कुठल्या किलोमीटरपासून सांगू?"

"मला ऐकू येत नव्हतं. डावा कान गेलाय माझा. हिने आत्ता शोधून काढलं."

मामीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने आणखी चार शेंगा सोलल्या.

"मला गाडी शिकवाल का, म्हणून विचारलं होतं," ती म्हणाली. "तीन रविवार विचारलं. तुम्ही आपले पुढे बघत. पहिल्यांदा वाटलं, विचार करताहेत. तिसऱ्यांदा म्हटलं, बेचाळीस वर्षांत एक गोष्ट मागितली, तिला नाही म्हणायचेसुद्धा कष्ट घेत नाही हा माणूस. मग कशाला यायचं?"

"मी नाही म्हणालो नव्हतो."

"हो तरी कुठे म्हणालात?"

"आत्ता म्हणतो," मामा म्हणाले. "हो."

मामीने मटाराचं भांडं त्यांच्याकडे सरकवलं आणि हात धुऊन यायला सांगितलं. मी तिथून निघाले. तिथे माझं काही काम नव्हतं.

डॉक्टरांनी कान तपासून नस झिजल्याचं सांगितलं. मामांनी विचारलं, "पार्ट मिळतो का?" मिळत नाही. कानात घालायचं यंत्र मिळतं. त्याचा मामा विचार करताहेत, म्हणजे करत नाहीत. दोन्ही कार्बोरेटर मात्र त्यांनी एकट्या उजव्या कानाने पुन्हा जुळवले, आणि मिस्त्रीला चहाला बोलावलं. माफी मागितली नाही, चहा दोनदा दिला.

मामी शाळेच्या मैदानावर सहा आठवडे शिकली. गोलपोस्ट एकदाच पाडला. लायसन्स हातात आलं त्यानंतरच्या रविवारी ती उजवीकडे स्टिअरिंगशी बसली, रुमाल घट्ट बांधला, आणि मामा थर्मास मांडीवर घेऊन तिच्या डावीकडे. आता त्यांचा चांगला कान तिच्या बाजूला होता. गल्लीच्या वळणापर्यंत मला तिची बडबड ऐकू येत होती.

परत आले तेव्हा मी फाटकाशीच उभी होते. मामा सावकाश उतरले. मी विचारलं, "काय मामा, मिसिंग थांबलं का?"

"लक्ष नव्हतं गं," मामा म्हणाले. "ती बोलत होती."