अर्धा वाटा

गावच्या मच्छीमार सोसायटीला मी वजनकाटा भेट दिला, ही माझी चूक. चुका मी आयुष्यात पुष्कळ केल्या, पण त्यांचं नुकसान बहुतेक माझं मलाच झालं. ही एक मात्र दुसऱ्याच्या ताटात जाऊन पडली. तो काटा ज्यांच्यापायी आणला ते आमच्या तलावाचे मापाडीभाऊ. उभ्या चंद्रपूर-गडचिरोलीत नुसता आकडा तोंडातून न काढता म्हातारा झालेला हा एकच माणूस असावा. त्यांचा आकडा कधी उघडा बाहेर पडायचा नाही, अंगावर काहीतरी पांघरूनच निघायचा. चिमूरची बस थांबते तो फाटा गावापासून दोन बिड्यांवर. डोक्यावर ओझं असलं तर तीन. दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरीणबाईंनी ताप किती होता म्हणून विचारलं, तर म्हणाले, "रात्री दोन गोधड्यांचा होता जी, सकाळी एकीवर आला." नातवंडं किती, तर चार तोंडं आणि एक पोट. (पोट म्हणजे धाकटा.) धान मोजताना पहिल्या पायलीला 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत, आणि मग दोन पायल्या. झिंगे ओंजळीनं, बारीक मासोळी पानानं, मरळ शेपटीनं. आणि जाळ्यात एकच मोठी मासोळी आली तर? "एकटीले मोजत नाई जी. तिले पाहतेत."

मी तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेला मास्तर. कोणत्या भाषेत काय कशानं मोजतात यावर पुस्तक लिहायची हुक्की मला त्याच सुमारास आली होती, त्यामुळे वही घेऊन मी भाऊंच्या मागे असे. शब्द घेता घेता थोडं ज्ञान द्यावं म्हणून एकदा सांगितलं, की जपानी भाषेत लांब वस्तू मोजायचा शब्द वेगळा आणि चपट्या वस्तूंचा वेगळा. भाऊंनी जाळ्याची गाठ मारता मारता विचार केला. "मंग मरळ कशात बसवतेत ते? ओली असते तवा लांब, सुकवली का चपटी." मी वही मिटली. दुसऱ्या दिवशी सिरोंच्याचा अनुभव काढला. तिथं माझी नोकरी झाली होती, शेजारी तेलुगू होते. म्हटलं, "भाऊ, त्यांच्यात तीन भांडी मोजायचा आकडा वेगळा आणि तीन माणसं मोजायचा वेगळा, बघा!" भाऊ म्हणाले, "आपल्यात नाई का? तिघं भाऊ म्हनतेत. तिघं बैल म्हनते का कोनी?" तीस वर्षं, आणि हे माझ्या ध्यानात आलेलं नव्हतं. मी मान खाली घालून लिहून घेतलं. ते पुढे जे बोलले ते मात्र लिहून घेतलं नाही. "आपल्या मोहल्ल्यातला पोरगा जंगलात मोहफुलं वेचाले गेला, तवा एक जन गेला होता. वाघानं धरल्यावर आनला, तवा सारे म्हनत एक बॉडी आनली. घरून गेला एक अन् आला दुसराच, गुरुजी."

त्या पोराची बायको दोन लेकरं घेऊन मोहल्ल्याच्या टोकाला राहते. तलावाचा नियम असा, की सकाळी जाळी ओढली की मासोळी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, ओतायची आणि भाऊंनी पळसाच्या पानांवर वाटे घालायचे. ज्या घरचा माणूस पाण्यात उतरला त्या घराला पूर्ण वाटा, ज्या घरी उतरायला माणूसच उरला नाही त्या घराला अर्धा. असं घर एकच होतं. भाऊ हातानंच वाटे घालत, डोळे जवळजवळ मिटून. त्यांच्या वाट्याबद्दल कधी कोणी तोंड उघडलेलं मी ऐकलं नाही. आता, पुस्तकात 'वाटा' या शब्दापुढे किलो-ग्रॅम लिहावेत ही बुद्धी मला झाली, आणि मी काटा आणला. हार घातला. नारळसुद्धा फोडला.

एकेक वाटा काट्यावर चढू लागला आणि मी मोठ्यानं आकडे वाचू लागलो. सगळे पूर्ण वाटे थोड्याफार फरकानं सारखे. मी थक्क झालो, टाळ्याही वाजवल्या. शेवटी अर्धा वाटा ठेवला. वर झिंग्यांची पातळ रास, खाली पानाआड दोन जाडजूड मरळी. मला शोध लागल्याचा इतका आनंद झाला, की सारी पाळ ऐकेल असा मी ओरडलो, "अहो भाऊ, तुमचा अर्धा तर पूर्णापेक्षा जड निघाला!"

कोणी हसलं नाही. ती बाई पदर धरून उभी होती, ती खाली बघायला लागली. तेवढ्यात मला कळलं, की हे सगळ्यांना ठाऊक होतं. रोज बघत होते आणि रोज बघत नव्हते. सोसायटीचा सेक्रेटरी भला पोरगा, तो मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "काऊन बोललात गुरुजी? आता चारचौघांत निंगालं, मले काट्यानंच द्या लागन."

तेव्हापासून अर्धा म्हणजे अर्धा. भाऊ पाळीवर यायचे थांबले. एकदा आपल्या घरच्या वाट्यातली मरळ घेऊन तिच्या दारी गेले, तर तिनं हात जोडले. "वाटा होता तवर घेतला बाबा. भीक नोको." आता ती पहाटे टोपली घेऊन मोहफुलं वेचायला जाते, त्याच जंगलात. भाऊ ती परत येईपर्यंत ओट्यावर बसून असतात. किती वेळ लागतो, असं मी विचारलं. दोन बिड्या म्हणाले नाहीत. बिडी हातात तशीच होती, न पेटवलेली.

परवा मी तांदळाची पिशवी घेऊन तिच्याकडे गेलो. नुसतंच म्हटलं, "बाई, हे तुमच्या लेकरांसाठी." तिनं पिशवीकडे बघितलं, मग माझ्याकडे. लेकरं दारात येऊन उभी राहिली होती.

"ठेवा जी तिथी," ती म्हणाली. "फक्त किती हाये ते वरडून सांगू नोका."