भिंतीपासून सुटलेली जमीन

"अहो, ही जमीन आहे की उंटाची पाठ?" बायको उंबऱ्यातच थबकली.

"जरा फुगलीय. बसेल."

"बसेल म्हणे! सासूबाई संध्याकाळी दवाखान्यातून येतायत. त्याच बसतील, धपकन!"

नवरा गवंडी. कामावरची माणसं त्याला 'ओळंबा' म्हणायची, इतक्या त्याच्या भिंती सरळ. लोकांची घरं आरशासारखी आणि स्वतःच्या घरात मात्र उखडलेला कोबा. त्यातल्याच एका खळग्यात आईची काठी अडकली, म्हातारी पडली, खुबा मोडला. बहिणीनं दवाखान्यातच ठणकावलं होतं, "दादा, जमीन धड नसली तर आई माझ्याकडे. मग परत मागायची नाही."

खळगे त्यानं झटक्यात भरले. वरून आईच्या पायाला गार लागू नये म्हणून एकात एक अडकणाऱ्या फळ्या आणल्या. खाली फोमचा पातळ थर, वर फळी. तिरकी धरायची, खाचेत घालायची, दाबली की खट्ट! ना माल, ना पाणी. "हे काय काम आहे का? खेळ आहे खेळ," म्हणत त्यानं खोली भरली. विटांसारखी सांधमोडही, म्हणजे सांध्यासमोर सांधा न येऊ देणं, झकास साधली. दुकानदार बजावत होता, भिंतीकडेनं बोटभर फट सोडा. फट? आणि गवंड्याच्या घरात? चार लोक तोंडात शेण घालतील! त्यानं फळ्या भिंतीला भिडवल्या आणि उरलीसुरली भेग पांढऱ्या सिमेंटनं बुजवली. फळ्या हवेतली ओल पिऊन फुगल्या, सरकायला जागा मिळेना, मग मधोमध उठल्या.

"वर पाटा ठेवून बघू का?" त्यानं विचारलं.

बायको कपडे शिवायची. हातातली सुई झग्यात टोचून ती म्हणाली, "मी अंगाबरोबर कापड बेतलं तर माणूस खाली बसताच शिवण उसवते. माया ठेवावी लागते. तुम्ही ठेवलीत का?"

"अगं, पण फट दिसेल ना!"

"मग वरून पट्टी मारा. माझ्या शिलाया कोणाला दिसतात?"

त्यानं छन्नी उचलली. आपण बुजवलेलं आपणच उकरायचं म्हणजे आपल्याच हातानं नाक कापून घेणं. तरी कडेच्या फळ्या काढल्या, बोटभर कापल्या, पुन्हा बसवल्या. शेवटची भेग मोकळी झाली तशी मधली पाठ हळूहळू खाली आली आणि सपाट झाली. लेव्हलचा बुडबुडा नळीच्या मध्यावर येऊन थांबला.

"हात्तिच्या!" गवंडी खोलीभर नाचला. बायको म्हणाली, "हळू, खालचे वर येतील!" मग त्यानं कडेनं पट्ट्या मारल्या, फळीला नव्हे, भिंतीला, म्हणजे फळ्या खालून सरकायला मोकळ्या.

संध्याकाळी आई वॉकर टेकत आत आली. मागे बहीण, खांद्यावर आईची बॅग, नजर खाली. म्हातारी खिडकीपर्यंत गेली. वॉकर कुठंच अडला नाही. तिथून कोणाला न विचारता वळली आणि परत आली.

"बॅग ठेव खाली," ती लेकीला म्हणाली. "ओझं धरून उभी काय राहिलीस?"

बहिणीनं टाचेनं जमीन ठोकून पाहिली, इथं, तिथं, कोपऱ्यात. मग बॅग कपाटात ठेवली.

"दादा, कारागीर कोण बोलावला होतास रे?"

"हेच," बायको म्हणाली. "दोनदा बोलवावं लागलं."

म्हातारी सगळ्यात मोठ्यानं हसली. गवंडी मिशीतल्या मिशीत हसत थापी घेऊन खाली उतरला. शेजारच्या कुंपणाची भिंत अर्धी उभी होती आणि अजून उजेड होता. त्यानं माल कालवला, सूत ताणलं आणि पुढची वीट बसवली.